एक्सएमएल फाइल डेटाबेसमध्ये भरताना: तयारी, क्रम आणि न दिसणाऱ्या चुका

बाहेरून आलेली एक्सएमएल फाइल (टॅगांच्या खुणांमध्ये माहिती लिहिलेली मजकूर-फाइल) फोडून टेबलांत भरणं हे काम पहिल्या दिवशी सोपं वाटतं. फंक्शन तयार असतं, नमुना फाइल छोटी असते, दहा ओळी बरोबर उतरतात. मग तेच काम रोज रात्री आपोआप चालणाऱ्या जॉबमध्ये जातं आणि महिन्याभराने हिशेब जुळेनासा होतो.

एरर देऊन थांबलेल्या जॉबची मला भीती वाटत नाही. काय बिघडलं ते तो सांगतो. भीती वाटते ती ‘यशस्वी’ म्हणून संपलेल्या जॉबची, ज्याने शून्य ओळी भरल्या, किंवा दुप्पट भरल्या, किंवा रिकाम्या तारखेच्या जागी १ जानेवारी १९०० टाकली. एक्सएमएलच्या कामात अशा मुक्या चुका फार होतात, कारण बहुतेक जण वाचणं, फोडणं, प्रकार बदलणं आणि मुख्य टेबलात लिहिणं ही चारही कामं एकाच क्वेरीत कोंबतात. ती वेगळी ठेवली की प्रत्येक टप्प्यावर थांबून तपासायला जागा मिळते. खालच्या पायऱ्यांचा क्रम त्यासाठीच आहे, म्हणून तो बदलू नका.

पूर्ण लेखात एकच उदाहरण धरू: ऑर्डरींची फाइल. एका फाइलमध्ये अनेक ऑर्डरी, प्रत्येक ऑर्डरीत एक किंवा अनेक वस्तू, आणि कधीकधी एकही वस्तू नसलेली रद्द ऑर्डर.

## १. फाइल उघडण्याआधीची तयारी

पाठवणाऱ्याकडून चार गोष्टी लेखी घ्या. स्कीमाची (रचनेच्या नियमांची) फाइल, म्हणजे एक्सएसडी. फाइलचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये कशी लिहिली आहेत. फाइलमध्ये संपूर्ण डेटा येतो की फक्त बदल. आणि एखादी नोंद काढून टाकली गेली तर ती कशी कळवली जाते. शेवटचा प्रश्न विचारायचा सगळेच विसरतात. फाइलमध्ये फक्त बदल येत असतील आणि काढलेल्या नोंदीसाठी खूण ठरलेली नसेल, तर तुमच्याकडे मेलेल्या नोंदी कायम जिवंत राहतात.

नमुना मागताना सर्वांत मोठी फाइल मागा. छोट्या नमुन्यात ऐच्छिक एलिमेंट (टॅगांनी वेढलेले माहितीचे घटक) नसतात, दुसरी वस्तू नसते, लांब पत्ता नसतो. त्यावर लिहिलेली क्वेरी पहिल्या खऱ्या फाइलवर कोसळते.

त्यानंतर बॅकअप घ्या आणि तो वेगळ्या डेटाबेसमध्ये रिस्टोअर करून पाहा. रिस्टोअर झालेल्या डेटाबेसमध्ये मुख्य टेबलांच्या ओळी मोजा. हे केलं नसेल तर बॅकअप आहे असं समजू नका.

फाइल भरणाऱ्या युजरला फक्त स्टेजिंग टेबलांवर (मुख्य टेबलांआधीच्या तात्पुरत्या टेबलांवर) लिहिण्याचा आणि ठरलेली प्रोसीजर चालवण्याचा हक्क द्या. ॲडमिनच्या खात्यावरून जॉब चालवणं सोयीचं असतं, पण मग चुकीच्या टेबलावर गेलेला डिलीट कुणीच अडवत नाही.

तपासा: ट्रान्झॅक्शन लॉग (बदलांची डेटाबेसची नोंदवही) जिथे आहे त्या डिस्कवर मोठ्या फाइलला पुरेल इतकी जागा आहे का? एका ट्रान्झॅक्शनमध्ये सगळी फाइल भरली, तर ते संपेपर्यंत लॉगचा तो भाग मोकळा होत नाही.

## २. फाइल तपासणं: आधी व्याकरण, मग नियम

या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. पहिलीत फाइल वेल-फॉर्म्ड आहे का ते पाहायचं: एकच मूळ एलिमेंट, प्रत्येक टॅग बंद, अक्षरांचं मोठं-छोटं रूप दोन्हीकडे सारखं. दुसरीत ती स्कीमाप्रमाणे वैध आहे का ते पाहायचं: ऑर्डर क्रमांक आहे का, रक्कम आकड्यातच आहे का. एक्सएमएललिंट हे साधन दोन्ही करतं. डेटाबेसच्या बाहेर तपासणी करण्याचा फायदा म्हणजे चूक कोणत्या ओळीवर आहे ते नेमकं कळतं.

पोस्टग्रेस या डेटाबेसचा एक्सएमएल प्रकार फक्त पहिली तपासणी करतो. स्कीमाशी तो काहीही ताडून पाहत नाही. त्यामुळे ‘कॉलम एक्सएमएल प्रकाराचा आहे, म्हणजे डेटा वैध आहे’ हा समज सोडा.

फाइल वेल-फॉर्म्ड नसण्याची कारणं ठरलेली असतात. एस्केप न केलेलं, म्हणजे सांकेतिक रूपात न बदललेलं, अँपरसँडचं (&) चिन्ह. मजकुरात आलेलं ‘पेक्षा लहान’ चिन्ह. कुठूनतरी चिकटवलेल्या मजकुरातून आलेलं न दिसणारं नियंत्रण-अक्षर. टॅब आणि ओळ संपवणारी दोन अक्षरं सोडली, तर ३२ च्या खालच्या कोडची अक्षरं एक्सएमएल १.० मध्ये कोणत्याही रूपात चालत नाहीत, अंकी संदर्भ म्हणून लिहिली तरीही. आणि एन्कोडिंग सांगणाऱ्या पहिल्या घोषणेच्या आधी आलेली मोकळी जागा. ती घोषणा असेल तर फाइलच्या अगदी सुरुवातीलाच हवी.

सावधान: शोधा-आणि-बदला करून अँपरसँड दुरुस्त करू नका. त्याच फाइलमध्ये आधीच बरोबर एस्केप केलेली चिन्हं असतात, ती दुसऱ्यांदा एस्केप होतात आणि ग्राहकाच्या नावात कचरा उमटतो. फाइल पाठवणाऱ्याकडे परत पाठवा. ती स्ट्रिंग जोडून बनवली जात असेल, तर एक्सएमएल लिहिणारी लायब्ररी वापरायला सांगा.

एन्कोडिंगकडे स्वतंत्र लक्ष द्या. फाइल घोषणेत यूटीएफ-८ म्हणते आणि प्रत्यक्षात जुन्या विंडोज कोडपेजमध्ये लिहिलेली असते, हे नेहमी दिसतं. फाइल एडिटरमध्ये उघडून पुन्हा सेव्ह करण्याचा मोह टाळा. एडिटर स्वतःचा अंदाज लावून बाइट बदलतो आणि मूळ पुरावा नष्ट होतो.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये याचीच एक ठरावीक एरर येते. यूटीएफ-८ घोषणा असलेला मजकूर एनव्हारकॅर या मजकुराच्या प्रकारात घेऊन एक्सएमएलमध्ये बदलला की तो एन्कोडिंग बदलता येत नाही म्हणतो, कारण एनव्हारकॅरमधला मजकूर दोन-दोन बाइटच्या रूपात असतो. अनेक जण रिप्लेस वापरून ती घोषणाच उडवतात. योग्य मार्ग असा: ओपनरोसेटच्या बल्क पर्यायात फाइल सिंगल ब्लॉब म्हणून, म्हणजे नुसत्या बाइटच्या रूपात वाचा आणि घोषणेचा अर्थ पार्सरला लावू द्या.

बाहेरच्या फाइलमध्ये डीटीडी (रचनेची आणि एंटिटींची, म्हणजे संक्षिप्त नावांची, व्याख्या) येऊ देऊ नका. त्यातून सर्व्हरवरची एखादी फाइल वाचणारी बाह्य एंटिटी येऊ शकते, किंवा स्वतःतच फुगत जाऊन मेमरी संपवणारी एंटिटींची साखळी. पार्सरमध्ये डीटीडी बंद करण्याची सेटिंग शोधा आणि ती चालते का, हे मुद्दाम डीटीडी घातलेल्या चाचणी फाइलने पाहा.

## ३. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवणं

काहीही फोडण्याआधी फाइल एका कच्च्या टेबलात नोंदवा: नाव, मिळाल्याची वेळ, आकार, शा-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा), मजकूर आणि स्थिती. मजकुराचा कॉलम बाइनरी ठेवा, एक्सएमएल प्रकाराचा नको. एसक्यूएल सर्व्हरचा एक्सएमएल प्रकार सुरुवातीची घोषणा ठेवत नाही, ॲट्रिब्यूटचा क्रम आणि अनावश्यक मोकळ्या जागा जपत नाही. उद्या ‘आम्ही असं पाठवलंच नव्हतं’ असा वाद झाला, तर तुमच्याकडे बाइट-न्-बाइट तीच फाइल हवी.

आकाराच्या मर्यादा लक्षात ठेवा: पोस्टग्रेसमध्ये एका फील्डची कमाल मर्यादा १ जीबी, एसक्यूएल सर्व्हरच्या एक्सएमएल प्रकाराची २ जीबी. या मर्यादांच्या जवळही जाऊ नका. फाइल काही शे एमबीच्या पुढे गेली की ती फोल्डरमध्ये ठेवा, टेबलात फक्त जागा आणि हॅश नोंदवा, आणि फोडण्याचं काम डेटाबेसबाहेर स्ट्रीमिंग पार्सरने करा. फाइलमधल्या घटकांचं अख्खं झाड मेमरीत उभं करणारा पार्सर फाइलच्या आकाराच्या कितीतरी पट मेमरी घेतो.

हॅशवर युनिक बंधन घाला, म्हणजे तीच फाइल दोनदा भरली जाणार नाही. हे बंधन पुरेसं मात्र नाही. पाठवणाऱ्याने तोच डेटा नव्या वेळेच्या शिक्क्यासह पुन्हा पाठवला की हॅश बदलतो. त्याची व्यवस्था आठव्या पायरीत आहे.

## ४. स्टेजिंग टेबल: सगळे कॉलम मजकुराचे

दोन स्टेजिंग टेबलं करा, एक ऑर्डरींसाठी आणि एक वस्तूंसाठी. सगळे कॉलम मजकुराचे आणि ऐसपैस लांबीचे ठेवा. तारीख, रक्कम, क्रमांक सगळं मजकूर म्हणूनच उतरवा. फॉरेन की (दुसऱ्या टेबलाशी जोडणारं बंधन) नको. प्रत्येक ओळीसोबत कच्च्या टेबलातला फाइल क्रमांक आणि नोडचा (झाडातल्या एका घटकाचा) अनुक्रमांक हवाच.

थेट योग्य प्रकारात उतरवलं तर काय बिघडतं? एसक्यूएल सर्व्हरच्या व्हॅल्यू मेथडमध्ये तुम्ही व्हारकॅर १० लिहिलंत आणि मजकूर २५ अक्षरांचा निघाला, तर एरर येत नाही. पंधरा अक्षरं गुपचूप जातात. स्टेजिंगमध्ये मोठी लांबी ठेवली की हा प्रसंग नंतर, तुमच्या डोळ्यांसमोर, मोजणीत येतो.

अनुक्रमांकही महत्त्वाचा आहे. एक्सएमएलमध्ये वस्तूंचा क्रम अर्थपूर्ण असू शकतो. टेबलातल्या ओळींना स्वतःचा क्रम नसतो. पोस्टग्रेस आणि ओरॅकलच्या एक्सएमएलटेबल या फोडणाऱ्या फंक्शनमध्ये ‘फॉर ऑर्डिनॅलिटी’ कॉलम त्यासाठीच असतो.

## ५. नोड फोडणं

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

नेमस्पेस, म्हणजे एलिमेंटचं नाव कोणत्या संचातलं ते सांगणारा पत्ता. क्वेरी बरोबर, फाइल बरोबर, तरी शून्य ओळी: दहातल्या बहुतेक वेळा कारण हेच. फाइलच्या मूळ एलिमेंटवर डीफॉल्ट नेमस्पेस असेल, तर आतले सगळे एलिमेंट त्या नेमस्पेसमध्ये जातात, जरी त्यांच्या नावापुढे काही प्रिफिक्स दिसत नसला तरी. एक्सपाथ (नोडपर्यंतचा मार्ग लिहिण्याची भाषा) १.० मध्ये बिनप्रिफिक्सचं नाव म्हणजे ‘कोणत्याच नेमस्पेसमध्ये नसलेलं’. दोन्ही जुळत नाहीत आणि उत्तर रिकामं येतं. ही एरर नसते, कारण क्वेरीच्या दृष्टीने तसा नोड खरोखरच नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘विथ एक्सएमएलनेमस्पेसेस’मध्ये डीफॉल्ट नेमस्पेस देता येते. पोस्टग्रेसच्या एक्सएमएलटेबलमध्ये डीफॉल्ट देता येत नाही. स्वतःचा एखादा प्रिफिक्स ठरवा आणि मार्गातल्या प्रत्येक एलिमेंटपुढे तो लावा. ॲट्रिब्यूटला मात्र डीफॉल्ट नेमस्पेस लागू होत नाही, त्यामुळे त्याच्यापुढे तो लावू नका.

माझ्या एका कामात पाठवणाऱ्यांनी फॉरमॅटची नवी आवृत्ती आणली आणि नेमस्पेसच्या पत्त्यातला आवृत्तीचा आकडा बदलला. बाकी फाइल तीच. आमचा जॉब सहा रात्री यशस्वी दिसत राहिला आणि एकही ऑर्डर आत आली नाही. सातव्या दिवशी कळलं ते लोकांच्या तक्रारींमुळे. मोजणीची सहावी पायरी त्यानंतर माझ्या प्रत्येक जॉबमध्ये आहे.

एकाच जागी अनेक नोड. स्कीमा म्हणते फोन नंबर एक किंवा अनेक, नमुन्यात एकच होता. दुसरा आला की प्रत्येक डेटाबेस वेगळा वागतो. पोस्टग्रेसचं एक्सएमएलटेबल एरर देऊन थांबतं, ते चांगलंच. मायएसक्यूएलचं एक्सट्रॅक्टव्हॅल्यू सगळी मूल्यं मध्ये मोकळी जागा घालून एकत्र जोडतं. दोन फोन नंबरांची एकच लांब स्ट्रिंग होते. एसक्यूएल सर्व्हर मार्गाच्या शेवटी चौकोनी कंसातला १ मागतो, आणि तो लिहिला की दुसरा नंबर कायमचा दुर्लक्षित होतो. तो १ सवयीने लिहू नका. प्रत्येक ठिकाणी स्कीमा उघडून पाहा: एकच येऊ शकतो का? अनेक येऊ शकत असतील तर त्यासाठी वेगळं टेबल लागेल.

मुलांना (आतल्या नोडना) चुकीच्या पालकाशी (बाहेरच्या नोडशी) जोडणं. आधी ऑर्डरींचे नोड काढा, मग त्या प्रत्येक नोडपासून सापेक्ष मार्गाने त्याच्याच वस्तू काढा. दुसरा मार्ग पुन्हा फाइलच्या मुळापासून सुरू केला, तर प्रत्येक ऑर्डरीला फाइलमधल्या सगळ्या वस्तू चिकटतात. १०० ऑर्डरी आणि ३०० वस्तू असतील तर ३०० ऐवजी ३०,००० ओळी. एका ऑर्डरीच्या नमुन्यावर ही चूक दिसतच नाही.

वस्तू नसलेली ऑर्डर. एसक्यूएल सर्व्हरमध्ये क्रॉस ॲप्लाय आणि पोस्टग्रेसमध्ये साधा क्रॉस जॉइन वापरून एकाच क्वेरीत दोन्ही पातळ्या काढल्या, तर रद्द ऑर्डर गळून पडते. आउटर ॲप्लाय किंवा लेफ्ट जॉइन लॅटरल वापरा. त्याहून बरं म्हणजे ऑर्डरी आणि वस्तू दोन स्वतंत्र क्वेरींनी भरा.

दुहेरी तिरकी रेघ. एक्सपाथमध्ये ती ‘कुठेही खोलवर’ शोधते. पूर्ण झाड फिरावं लागतं म्हणून ती मंद आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. तिचा दुसरा दोष अधिक वाईट आहे: ‘नाव’ हे एलिमेंट ग्राहकाखालीही असतं आणि वस्तूखालीही, आणि तुम्हाला दोन्ही मिळतात. पूर्ण मार्ग लिहा.

सावधान: एसक्यूएल सर्व्हरमध्ये जुनं ओपनएक्सएमएल वापरत असाल, तर तयार केलेलं डॉक्युमेंट काम संपताच मोकळं करा. पार्सर सर्व्हरच्या मेमरीचा एक अष्टमांश भाग वापरू शकतो, आणि हँडल सोडलं नाही तर सेशन संपेपर्यंत ती मेमरी अडकून राहते. मध्ये एरर आली तरी हँडल सुटेल अशा जागी ती ओळ लिहा. नव्या कामासाठी नोड्स आणि व्हॅल्यू या मेथड वापरा.

एक्सएमएल स्ट्रिंग समजून सबस्ट्रिंगने किंवा रेग्युलर एक्स्प्रेशनने कापू नका. कॉमेंट, सीडेटा विभाग किंवा ॲट्रिब्यूटचा बदललेला क्रम, यांतलं काहीही ते मोडायला पुरेसं आहे.

## ६. मोजणी

मुख्य टेबलाकडे जाण्याआधी दोन बाजूंनी मोजा. एकीकडे स्टेजिंगमधल्या ओळी. दुसरीकडे फाइलमधले नोड, तेही वेगळ्या साधनाने आणि नेमस्पेसकडे न पाहता, म्हणजे लोकल-नेम फंक्शन वापरून केलेली मोजणी. एकाच क्वेरीने भरायचं आणि त्याच क्वेरीने मोजायचं, तर दोन्हीकडे तीच चूक होऊन आकडे जुळतात.

तपासा:
- ऑर्डरींची संख्या दोन्हीकडे सारखी
- वस्तूंची संख्या दोन्हीकडे सारखी
- रकमांची बेरीज फाइलच्या शीर्षकात दिलेल्या एकूण रकमेइतकी, ती दिली असेल तर
- पालक न सापडणाऱ्या वस्तू शून्य
- सक्तीच्या कॉलमांत रिकामी मूल्यं शून्य

यातलं एक जरी चुकलं तरी जॉब एरर देऊन थांबला पाहिजे. नुसतं लॉगमध्ये लिहून पुढे जाऊ नका. यशस्वी जॉबचा लॉग कुणी वाचत नाही.

## ७. प्रकार बदलणं

एक्सएमएलमध्ये ‘काही नाही’ तीन प्रकारे येतं: एलिमेंटच नसणं, एलिमेंट असून रिकामं असणं, आणि निल ॲट्रिब्यूट लावून मुद्दाम ‘मूल्य नाही’ असं सांगणं. बदलांच्या फाइलमध्ये या तिन्हींचा अर्थ वेगळा असू शकतो. एलिमेंट नाही म्हणजे ‘जुनं मूल्य राहू द्या’, निल म्हणजे ‘जुनं मूल्य पुसा’. पाठवणाऱ्याला विचारून ठरवा, अंदाजाने नको.

रिकामी स्ट्रिंग प्रत्येक डेटाबेसला वेगळी दिसते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ती पूर्णांकात बदलली की ० मिळतो आणि तारखेत बदलली की १ जानेवारी १९००. पोस्टग्रेस दोन्ही ठिकाणी एरर देतो. ओरॅकलसाठी रिकामी स्ट्रिंग म्हणजेच नल (मूल्य नाही). म्हणून आधी कडेच्या मोकळ्या जागा काढा, मग नलइफने रिकाम्याचं नल करा, आणि त्यानंतरच प्रकार बदला.

तारखेचं मूल्य टाइमझोनसह आलं असेल तर टाइमझोन जपणाऱ्या प्रकारातच ठेवा. शेवटी झेड असेल तर वेळ यूटीसीत आहे. टाइमझोनच नसेल तर ती कुठली वेळ आहे हे फाइल सांगू शकत नाही, विचारावं लागतं. रक्कम नेहमी डेसिमलमध्ये, फ्लोटमध्ये कधीच नाही. पुढे शून्य असलेले कोड मजकूरच राहू द्या, कारण आकड्यात बदलले की ती शून्यं परत येत नाहीत. बूलियन एलिमेंटमध्ये ट्रू, फॉल्स, १ आणि ० हे चारही वैध असतात, म्हणून चारही हाताळा.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्राय-कन्व्हर्ट (बदल न जमल्यास एररऐवजी नल देणारं फंक्शन) वापरत असाल तर एक तपासणी जोडा: मूळ मजकूर रिकामा नव्हता, पण बदललेलं मूल्य नल आलं, अशा ओळी बाजूच्या टेबलात काढा. ही तपासणी नसेल तर ट्राय-कन्व्हर्ट चुका लपवतो.

## ८. मुख्य टेबलात लिहिणं

आधी ऑर्डरी, मग वस्तू. ऑर्डर क्रमांकावर युनिक बंधन हवं, आणि लिहिताना ‘असेल तर बदला, नसेल तर घाला’ अशी रचना हवी. तोच डेटा पुन्हा आला तरी परिणाम तोच राहिला पाहिजे. जुनी फाइल उशिरा आली तर ती नव्या डेटावर लिहिली जाऊ नये, यासाठी फाइलमधली निर्मितीची वेळ ताडून पाहा.

वस्तूंसाठी ‘बदला किंवा घाला’ अपुरं पडतं. दुरुस्त ऑर्डरीत तीनऐवजी दोन वस्तू आल्या, तर तिसरी जुनी वस्तू तशीच राहते. त्या ऑर्डरीच्या जुन्या वस्तू काढून नव्या घाला, आणि दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करा.

मोठी फाइल तुकड्यांत कमिट (पक्की) करायची असेल तर तुकडा ऑर्डरीच्या सीमेवरच तोडा आणि कुठपर्यंत आलो ते कच्च्या टेबलात नोंदवा. अर्धी ऑर्डर कधीही कमिट होता कामा नये.

तपासा: हॅशचं बंधन बाजूला ठेवून तीच फाइल चाचणी डेटाबेसवर सलग दोनदा भरा. दुसऱ्यांदा भरल्यावर ओळींची संख्या आणि बेरजा बदलल्या, तर रचना चुकली आहे.

## ९. एक्सएमएल कॉलमवर शोध

काही ठिकाणी एक्सएमएल कॉलम ठेवणं आणि त्यात शोधणं भाग पडतं. पोस्टग्रेसमध्ये एक्सएमएल प्रकाराला तुलनेचे ऑपरेटर नाहीत, त्यामुळे त्या कॉलमवर थेट इंडेक्स करता येत नाही; एक्सपाथच्या निकालाला मजकुरात बदलून एक्स्प्रेशन इंडेक्स करावा लागतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये प्रायमरी एक्सएमएल इंडेक्सला टेबलावर क्लस्टर्ड प्रायमरी की लागते, आणि तो सगळे टॅग, मूल्यं आणि मार्ग साठवत असल्याने डिस्कवर बरीच जागा घेतो.

माझं मत विचाराल तर, ज्या दोन-तीन मूल्यांवर रोज शोध होतो ती भरतानाच साध्या कॉलममध्ये काढा आणि त्यांवर साधा इंडेक्स करा. बाकीचं एक्सएमएल नुसतं साठवा.

## १०. रोजची देखरेख

प्रत्येक रात्रीच्या ओळींची संख्या एका टेबलात नोंदवा आणि दोन इशारे लावा: फाइल आलीच नाही, आणि फाइल आली पण ओळी शून्य. दुसऱ्या इशाऱ्याला एरर समजा. खरोखर रिकामा दिवस असू शकत असेल, तर पाठवणाऱ्याने शून्य संख्या लिहिलेली फाइल पाठवावी असं ठरवून घ्या.

कच्चं टेबल झपाट्याने वाढतं. जुन्या फाइली किती दिवस ठेवायच्या ते डेटाच्या मालकाकडून लेखी घ्या. काढताना फक्त मजकुराचा कॉलम रिकामा करा. नाव, वेळ, हॅश आणि मोजणीची ओळ राहू द्या. हॅश गेला, तर दोन वर्षांपूर्वीची फाइल चुकून पुन्हा आल्यावर ती नवी म्हणून आत घेतली जाईल.